सहा फुटी स्क्रू

"हा स्क्रू आहे?"

कस्टमच्या परेरा मॅडमनी हातातला कागद पुन्हा एकदा वाचला, मग समोरच्या लाकडी पेटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पेटी एवढी लांब होती, की एखादा उंच माणूस आत आरामात आडवा झाला असता. बंदरावरच्या त्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर उन्हानं तापलं होतं. आमचे क्लिअरिंग एजंट पाताडे रुमालानं मान पुसत, माझी नजर टाळून उभे होते.

"स्क्रू नाही मॅडम, एअरस्क्रू," मी म्हटलं. "विमानाचा पंखा. नाकावर फिरतो ना, तो."

"मग प्रोपेलर लिहायचं की! इथं लिहिलंय, एअरस्क्रू, एक नग, वापरलेला. आमच्या माणसानं तो नट-बोल्ट-स्क्रूच्या सदरात टाकला. आता वरून शेरा आलाय, की एकटा स्क्रू पेटीभर कसा?"

"इंग्लंडमधली जुनी माणसं अजून एअरस्क्रूच म्हणतात. विकणारे गृहस्थ बरेच वयस्कर आहेत."

मॅडमच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. हसू आलं होतं, पण त्यांनी ते कागदामागे लपवलं.

"बरं. नाव दुरुस्त करू. पण अजून दोन गोष्टी आहेत." त्यांनी पेटीच्या एका फळीवर पेन आपटलं. "ही बघा, साल. झाडाची साल तशीच आहे फळीला. परदेशातून येणाऱ्या कच्च्या लाकडावर प्रक्रियेचा शिक्का लागतो, नाहीतर आतून किडे येतात. या पेटीवर शिक्का नाही. नियमानं हा सगळा माल गरम खोलीत घालायचा, नाहीतर परत पाठवायचा."

पेटी विदर्स नावाच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या शेतावरच्या फळ्या ठोकून, अगदी प्रेमानं बनवली होती. आत विमानाचा पंखा होता, महोगनीच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून घडवलेला, साठ वर्षांपूर्वीचा. तो गरम खोलीत गेला तर जुना सरस ढिला होणार होता.

"मॅडम, पेटी जाळा. आत्ता, माझ्यासमोर जाळा. पण पंख्याला उष्णता देऊ नका. तो पॉलिश केलेला आहे, कच्चं लाकूड नाही. तुमच्या वनस्पती तपासणीच्या माणसाला बोलवा, त्यांनी भिंग लावून बघावं."

"आणि दुसरी गोष्ट," परेरा मॅडम माझं ऐकलंच नाही अशा थाटात म्हणाल्या, "विमानाच्या सुट्या भागाबरोबर कारखान्याचं सर्टिफिकेट असतं. याच्याबरोबर नाही."

"युद्धाच्या काळात बनलाय तो. तेव्हाची कागदपत्रं कुणाकडेच उरलेली नाहीत. दिल्लीच्या खात्याची परवानगी जोडलीय बघा. जुन्या विमानांना तशी सवलत आहे, फक्त भाग तपासून प्रमाणित करावा लागतो."

"कुणी?"

"परवानाधारक इंजिनिअरनं."

"म्हणजे हा पंखा चांगला आहे, यानं माणूस वर जाऊन सुखरूप खाली येईल, हे कोण सांगणार?"

"मी," मी म्हटलं.

पाताड्यांनी मान पुसायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा तिशीत होते. धुळ्याच्या सराफ बाजारातल्या दुसान्यांची मुलगी, विमानं दुरुस्त करते म्हणून नात्यागोत्यात चेष्टेचा विषय झालेली. 'मी' हा शब्द माझ्या तोंडून चांगला ठसक्यात गेला. परेरा मॅडमनी चष्म्यावरून मला नीट पाहून घेतलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

दोन खेपा आणखी माराव्या लागल्या, वरच्या साहेबांना भेटावं लागलं, वनस्पती तपासणीचे गृहस्थ खरोखरच भिंग घेऊन आले. शेवटी पंखा बाहेर काढून पेटी आवारातच जाळली. विदर्स म्हाताऱ्यांच्या फळ्या तडतडत होत्या आणि मी नव्या खोक्यात, गोधड्यांमध्ये पंखा गुंडाळत होते. परेरा मॅडम जाता जाता थांबल्या.

"कधी उडणार तुमचं विमान?"

"डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी."

"फोटो पाठवा," त्या म्हणाल्या.

आमचा फ्लाइंग क्लब धुळ्याच्या बाहेर, माळरानावर होता. एक धावपट्टी, दोन शिकवायची विमानं आणि एक मोठं हँगर. त्या हँगरच्या मागच्या कोपऱ्यात एक टायगर मॉथ वर्षानुवर्षं धूळ खात पडलं होतं. दुहेरी पंखांचं, कापडानं मढवलेलं, मागेपुढे दोन उघड्या बैठका असलेलं आणि दोन्हींतून चालवता येणारं विमान. आज त्याकडे पाहिलं तर खेळण्यातलं वाटेल, पण एका पिढीचे वैमानिक त्याच्यावर शिकले. विंग कमांडर दत्ताजीराव शितोळे त्यातले एक. हेच, आमच्याच हँगरमधलं विमान त्यांनी अठराव्या वर्षी पहिल्यांदा एकट्यानं उडवलं होतं. पुढे ते हवाई दलात गेले, लढाया लढले, निवृत्त होऊन धुळ्याला आले, आणि फिरत फिरत ते विमानही आमच्या क्लबात आलं.

मी क्लबात लागले तेव्हा शितोळे सर सत्तरीत होते. परवान्याचा अभ्यास त्यांनीच माझ्याकडून करून घेतला. मला ते कधी नावानं हाक मारत नसत. "दुसाने!" एवढंच. कौतुक करणं त्यांना जमत नसे. काम चुकलं तर "पुन्हा", बरोबर असलं तर "पुढे". एवढ्या दोन शब्दांवर मी इंजिनिअर झाले.

टायगर मॉथ पुन्हा उडवायचं हे खूळ त्यांचंच. आम्ही त्याचं कापड बदललं, तारा बदलल्या, इंजिन खोलून पुन्हा जुळवलं. राहिला फक्त पंखा. मूळचा पंखा वाळवीनं आतून पोखरला होता. असा लाकडी पंखा घडवून त्यावर शिक्का देणारा माणूस देशात उरला नव्हता आणि परदेशात नवा करून घ्यायचा तर रांग लांबलचक होती. तेवढा वेळ सरांकडे नव्हता. त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. वैमानिकाला दर वर्षी वैद्यकीय तपासणीत पास व्हावं लागतं, आणि डॉक्टरांनी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं, की या डिसेंबरअखेर जो दाखला संपतोय, तो शेवटचा.

म्हणून मग जगभर फोन झाले. ऑस्ट्रेलियातल्या एकाकडे होता, पण त्यानं घड्याळ बसवून तो दिवाणखान्यात टांगला होता. एकानं फोटो पाठवला, तो दुसऱ्याच विमानाचा निघाला. शेवटी इंग्लंडच्या नॉरफोक भागातले विदर्स सापडले. ते स्वतः टायगर मॉथ उडवायचे आणि त्यांच्या धान्याच्या कोठारात जुन्या भागांचा खजिना होता.

पंखा हँगरमध्ये पोचला तेव्हा सगळा क्लब जमला. आमचे सचिव भामरे आप्पा नारळ घेऊन आले. आप्पांचा शहरात ट्रॅक्टरच्या भागांचा धंदा होता, पण जीव क्लबात. रविवारच्या समारंभाची सगळी जुळवाजुळव त्यांचीच. मांडव, शाळांच्या सहली, पुण्याहून येणारे सरांचे हवाई दलातले जुने सोबती.

"हेमांगीताई, काय देखणा आहे हो!" आप्पा पंख्यावरून हात फिरवत म्हणाले. खरंच होता. मधासारखा रंग, कडेला पितळेची पट्टी, आणि असा बाक, की नुसता ठेवला तरी फिरतोय असं वाटावं.

सरांनी पंख्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तपासणीला बसले. पंखा स्टँडवर चढवला, तोल पाहिला. उत्तम. पितळेच्या पट्टीचे रिवेट पाहिले. उत्तम. मग लाकडाची छोटी हातोडी घेऊन टोकापासून मध्याकडे ठोकत निघाले. टण, टण, टण. चांगलं लाकूड कसं मोकळं बोलतं. मध्याजवळ, जिथं पंखा इंजिनाला जोडतात तिथं आले आणि आवाज बदलला. ठप.

मी पुन्हा ठोकलं. ठप. अलीकडे टण, पलीकडे टण, मध्ये ठप.

वार्निश हलकेच खरवडलं. दोन पट्ट्यांच्या मधल्या सांध्यात केसासारखी रेघ होती. फट मोजायची सगळ्यात पातळ पोलादी पट्टी घेऊन मी त्या रेघेवर टेकवली. जोर लावला नाही, नुसती टेकवली. पट्टी आत सरकली. मी बोट सोडलं, तर ती तशीच उभी राहिली.

सांधा उघडला होता. विदर्सांच्या कोठारात, जहाजावर की आमच्या बंदरावर, कोण जाणे. इंजिन पूर्ण वेगात आलं की त्या सांध्यावर जो ताण येतो, तो मला तोंडपाठ होता. सांधा धरेल कदाचित. एकदा धरेल, पाचदा धरेल. आणि ज्या वेळी धरणार नाही, त्या वेळी पंख्याचा अर्धा भाग उडेल आणि उरलेला अर्धा इंजिनच नाकातून उपटून काढेल.

मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. गोदामात ठसक्यात उच्चारलेला 'मी' आठवला. तेव्हा तो किती स्वस्तात म्हणून टाकला होता!

भामरे आप्पांना सांगितलं तर त्यांना आधी ती थट्टाच वाटली. मग त्यांचा चेहरा उतरला.

"किती मोठी चीर आहे?"

"चीर नाही आप्पा, सांधा सुटलाय."

"पण दिसत तर नाही."

"दिसत नाही म्हणूनच."

"हे बघा, पाच मिनिटांचं काम आहे. उडायचं, माळावरून एक फेरी मारायची, उतरायचं. मग तुम्ही म्हणाल तर तो पंखा देव्हाऱ्यात ठेवू. बोलावणी गेलीत, ताई. आणि तेही सोडा. सरांचं काय? हा रविवार गेला तर त्यांना पुन्हा कधी उडवता येणार? तुम्हीच सांगा, कधी?"

"मी सही करणार नाही," एवढंच मी म्हणू शकले.

"सरांना विचारू या," आप्पा म्हणाले. "सर म्हणतील तसं."

सर आले. पांढरा शर्ट, काठी, डोळ्यांवर जाड चष्मा. मी त्यांना पंख्याजवळ नेलं, हातोडी दिली. त्यांनी ठोकलं नाही. हातोडी मला परत दिली. "तू ठोक. मी ऐकतो."

मी ठोकलं. टण, टण, ठप, टण.

आप्पा घाईघाईनं म्हणाले, "सर, तुमचा अनुभव मोठा आहे. तुम्ही लढाईत याहून वाईट अवस्थेतली विमानं उडवलीत. तुम्ही एक शब्द बोला, म्हणजे ताईंनाही धीर येईल."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"दुसाने, सही करणार?"

"नाही, सर."

माझा आवाज कापत होता. त्यांनी मान डोलावली, काठी उचलली आणि हँगरच्या दाराकडे चालू लागले. वाटेत टायगर मॉथ उभं होतं. त्याच्या खालच्या पंखाला त्यांनी जाता जाता हात लावला, तेवढंच. ना "पुन्हा", ना "पुढे".

समारंभ रद्द करायला वेळच उरला नव्हता. रविवारी माणसं आली, शाळेची मुलं कागदी झेंडे घेऊन आली, पुण्याहून सहा-सात वृद्ध अधिकारी कोट घालून आले. टायगर मॉथ मांडवासमोर उभं केलं होतं, नाकावर पंखा नसलेलं. आप्पांनी माइकवर सांगितलं, की काही तांत्रिक कारणामुळे आजचं उड्डाण होणार नाही. लोकांत कुजबुज झाली.

तेव्हा सर उठले आणि त्यांनी आप्पांच्या हातातून माइक घेतला.

"तांत्रिक कारण वगैरे काही नाही," ते म्हणाले. "कारणाला नाव आहे. हेमांगी दुसाने. आमच्या इंजिनिअर. पंखा साता समुद्रापलीकडून आणला, त्यांनीच आणला. आणि त्यांनीच नाही म्हटलं. म्हणून मी आज जमिनीवर उभा आहे. चहा घेऊन जा सगळ्यांनी."

माइक खाली ठेवून ते जाऊन बसले. शेकडो माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, धरणी दुभंगावी. त्यांच्या आवाजात राग होता की दुसरं काही, मला कळलं नाही; पण चारचौघांत माझं नाव घेतलं, माझ्यामुळे उडता आलं नाही असं सांगितलं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. पुण्याच्या पाहुण्यांपैकी एक गृहस्थ माझ्याकडे यायला निघाले होते, मी त्यांना चुकवून हँगरमध्ये जाऊन बसले.

वर्ष संपलं. सरांचा दाखला संपला. आणि त्यानंतर सर क्लबात यायचे बंद झाले. रोज सकाळी येणारा माणूस. त्यांची खुर्ची हँगरच्या दाराशी रिकामी असायची आणि तिच्याकडे बघितलं की आप्पा एक सुस्कारा सोडायचे, मला ऐकू जाईल असा. मी माझं काम करत राहिले, पण हातात जीव नव्हता.

जानेवारीत मी विदर्सांना फोन लावला. खूप दिवस टाळला होता. माल जसा आहे तसा विकला होता, तक्रार करायला जागा नव्हती. पण सांगणं भाग होतं. ते भांडतील, तुमच्याच उन्हानं सांधा सुटला म्हणतील, याची मी तयारी ठेवली होती.

"मिस दुसाने," पलीकडून संथ, खरखरीत आवाज आला, "मी तुमच्या फोनची वाटच पाहत होतो."

"तुम्हाला कळलंय?"

"तुमच्या विंग कमांडरांचा फोन येऊन गेला. समारंभ झाला त्याच दिवशी. मला वाटलं, हा माणूस आता माझी खरडपट्टी काढणार. माझ्या पंख्यानं त्याचं शेवटचं उड्डाण घालवलं होतं ना. पण ते सगळा वेळ तुमच्याबद्दलच बोलत होते."

मी रिसीव्हर घट्ट धरला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, माझ्या इंजिनिअरनं समोर मी उभा असताना, मला उडायचंय हे माहीत असताना, नाही म्हटलं. आवाज कापत होता, पण म्हटलं. म्हणाले, मी हवाई दलात मोठमोठ्या माणसांना अशा वेळी 'ठीक आहे, चालेल' म्हणताना पाहिलंय, आणि त्यावर उडालेल्या काही वैमानिकांना खांदा दिलाय. मग म्हणाले, विदर्स, इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्या पदकाचाही वाटला नव्हता."

विदर्सांनी खोकून घसा साफ केला.

"इतकी वर्षं भाग विकतोय मी. तक्रारीचे फोन पुष्कळ येतात. आपलं नुकसान झालं आणि त्यात आनंद वाटला म्हणून फोन करणारा हा पहिलाच. आता ऐका. माझ्या स्वतःच्या विमानाचा पंखा मी काल उतरवला. गेल्या हंगामात तो उडत होता, त्याचे सगळे कागद आहेत. तो तुम्हाला पाठवतोय."

"आणि तुमचं विमान?"

"माझे गुडघे आता वर चढू देत नाहीत. मुलगा उन्हाळ्यापर्यंत नवा पंखा करून घेईल. आणि हो, तुमच्या एजंटांनी सगळं समजावलंय. पेटी यंदा विकतची, शिक्क्याची. कागदावर प्रोपेलर लिहायचं, हेही लक्षात ठेवलंय. चुकीचा शब्द आहे, पण लिहीन."

या वेळी परेरा मॅडमच्या टेबलावरून कागद सरळ पुढे गेला. पंखा धुळ्याला पोचला. मी तो टोकापासून टोकापर्यंत ठोकला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. प्रत्येक सांध्यावर पोलादी पट्टी टेकवली, ती प्रत्येक वेळी बाहेरच राहिली. मग मी सही केली.

आमचे प्रशिक्षक कॅप्टन पगारे यांनी विमान आधी एकट्यानं वर नेऊन, सगळ्या चाचण्या करून खाली आणलं. इंजिनाचा आवाज माळावर घुमला तेव्हा भामरे आप्पा डोळे पुसत होते आणि वारा फार आहे म्हणत होते.

त्याच संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. ते अंगणात गुलाबाच्या काटक्या छाटत होते, डोळे फांदीच्या अगदी जवळ नेऊन.

"सर, उद्या सकाळी या. पगारे मागे बसतील, तुम्ही पुढे. प्रशिक्षक बरोबर असला तर दाखल्याची आडकाठी नाही."

"नियम माहीत आहेत मला," ते म्हणाले.

मी उभीच राहिले. मग धीर करून विचारलं, "तुम्ही इतके दिवस आला नाहीत. मला वाटलं, तुम्ही नाराज आहात."

त्यांनी कात्री खाली ठेवली. मला ओळखत नसल्यासारखे बघत राहिले.

"नाराज? अगं, मी आलो असतो तर भामरे रोज माझ्या तोंडाकडे बघून उसासे टाकत बसला असता. तूही बघितलं असतंस. एवढं मोठं 'नाही' म्हटल्यावर माणसाला त्याच्याबरोबर सुखानं राहता आलं पाहिजे. समोर रोज एक म्हातारा खुर्ची टाकून बसला तर कसं जमणार?"

"मग समारंभात सगळ्यांसमोर माझं नाव..."

"घ्यायलाच हवं होतं. तांत्रिक कारण म्हणे!" ते एकदम चिडले. "माणूस निर्णय घेतो आणि त्याला तांत्रिक कारण म्हणायचं? मी तुझी ओळख करून देत होतो, दुसाने. माझे सगळे सोबती समोर बसले होते. कुलकर्णी तुला भेटायला उठला, तर तू पळून गेलीस."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. ते पुन्हा गुलाबाकडे वळले. "सकाळी किती वाजता?"

"वारा पडलेला असेल तेव्हा."

"म्हणजे लवकर," ते म्हणाले.

सर आले ते चामड्याची जुनी टोपी आणि गॉगल घेऊनच. ऊन कोवळं होतं, माळावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. टायगर मॉथ धावपट्टीच्या कडेला उभं होतं आणि पंख्याच्या पितळेवर ऊन चमकत होतं. पगारे विमानाशेजारी अदबीनं बाजूला सरकून उभे राहिले. आम्ही सगळेच थांबलो, कारण सरांची पद्धत आम्हाला माहीत होती. कुठल्याही विमानात बसण्याआधी ते त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत. प्रत्येक बिजागरी, प्रत्येक तार, प्रत्येक खिळा स्वतः हात लावून बघत. मेकॅनिक कितीही मोठा असो, हवाई दलातला असो की क्लबातला, उभ्या आयुष्यात त्यांनी ही फेरी चुकवली नव्हती. तरुणपणी एका वरिष्ठानं घाई केली म्हणून त्याच्याशी त्यांचं वाजलं होतं, असं सांगत.

सर सरळ चालत आले. काठी आप्पांच्या हातात दिली, पंखावर पाय ठेवला आणि पुढच्या बैठकीत उतरायला लागले.

पगारे गोंधळले. "सर, फेरी? तुम्ही बघून घेणार असाल ना आधी?"

"हिनं बघितलंय ना?" सर पट्टे आवळत म्हणाले. "मग मी कशाला बघू?"

मी पटकन विमानाच्या नाकाकडे गेले, कारण माझा चेहरा कुणाला दिसू नये असं वाटत होतं. पंखा हातानं फिरवूनच हे इंजिन सुरू करायचं असतं. मी दोन्ही तळवे पंख्यावर ठेवले.

"स्विच ऑन!" पगारे ओरडले.

"कॉन्टॅक्ट!" पुढच्या बैठकीतून सरांचा आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा वाटणार नाही असा.

मी पंखा खाली खेचून मागे सरले. इंजिन एकदा खोकलं आणि धरलं. चाकांखालचे ठोकळे ओढले, विमान डुलत डुलत धावपट्टीवर गेलं, शेपटी उचलली, आणि बघता बघता चाकांखाली उजेड दिसला.

ते माळावर चढत गेलं. पलीकडे जाऊन वळलं, आणि मग सूर्य पाठीशी घेऊन आमच्याकडे परत यायला लागलं. आप्पांनी डोळ्यांवर हात धरला. विमान जरा खाली आलं, आमच्या डोक्यांवरून जाताना एका बाजूला कललं आणि त्यानं असं वळण घेतलं, गोल, सावकाश, जराही न थरथरता, की जणू कुणी कंपासनं ते आभाळात काढत होतं.

"पगारे झकास चालवतो हो," आप्पा म्हणाले.

मी वर बघत होते. कललेल्या विमानाच्या दोन्ही बैठका आम्हाला स्वच्छ दिसत होत्या. मागच्या बैठकीत पगारे होते. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर, सरळ उंच धरले होते, आम्हाला दिसावेत म्हणून.

"पगारे नाही, आप्पा," मी म्हटलं. "सर चालवतायत."